प्रस्तावना : स्वयंप्रतिकार मज्जाविकार आणि रक्तमूलपेशींचे स्वप्रत्यारोपण

मल्टिपल स्क्लेरोसिस, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, मायस्थेनिया ग्रेव्हिस आणि त्यांच्या जातकुळीतील इतर मज्जाविकारांत दृष्टी अधू होते, पाय जड पडतात, पापण्या आपोआप मिटू लागतात. इजा होते ती मज्जासंस्थेला किंवा मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्याला, पण ती करणारी यंत्रणा रक्तात आणि लसिकाग्रंथींत वावरत असते. शरीरात शिरलेले जंतू ओळखून नष्ट करणे हे जिचे काम, ती प्रतिकारयंत्रणा या आजारांत शरीराच्याच एखाद्या घटकाला परका ठरवते आणि एकदा करून घेतलेला हा गैरसमज स्मृतिपेशींच्या रूपाने वर्षानुवर्षे जपून ठेवते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. त्यांवरची बहुतेक औषधे प्रतिकारयंत्रणेला दाबून, अडवून किंवा तिच्यातील एखादा पेशीगट कमी करून आजार आटोक्यात ठेवतात, त्यामुळे ती दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि थांबवल्यावर आजार पुन्हा डोके वर काढू शकतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय असलेली पद्धत वेगळ्या विचारावर उभी आहे. बिघडलेल्या यंत्रणेला आयुष्यभर दाबत राहण्याऐवजी ती एकदाच, शक्य तितकी मुळापासून मोडावी आणि तिची नव्याने उभारणी होऊ द्यावी, असा तो विचार आहे.

रुग्णाच्याच रक्तातून रक्तमूलपेशी आधी गोळा करून गोठवायच्या, मग तीव्र केमोथेरपीने प्रतिकारयंत्रणेतील पेशी नष्ट करायच्या आणि शेवटी गोठवलेल्या पेशी परत द्यायच्या, असा हा तीन टप्प्यांचा उपचार असून त्यात दुसऱ्या दात्याची गरज नसल्याने त्याला स्वप्रत्यारोपण म्हणतात. रुग्ण आणि नातेवाईक ज्यांना सर्रास स्टेम सेल म्हणतात त्याच या मूलपेशी. मात्र त्या हाडांतील मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, राहून रक्त घडवणाऱ्या आहेत, त्यांपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू तयार होतात, चेतापेशी होत नाहीत, आणि मेंदूत जाऊन झिजलेल्या तंतूंची डागडुजीही त्या करत नाहीत. आजारावर खरा घाव घालते ती केमोथेरपी. मूलपेशींचे काम रुग्णाला त्या घावातून सुखरूप बाहेर काढण्याचे असते. उपचाराच्या सौम्य प्रकारात तर या पेशी परत दिल्या नाहीत तरी मगज काही आठवड्यांत आपला आपण सावरला असता. त्या दिल्याने जिवाला धोका असलेले दिवस कमी होतात, इतकेच. एवढा भेद नीट ध्यानात घेतला की या उपचाराकडून काय मागावे आणि काय मागू नये, तो कोणाला द्यावा आणि केव्हा द्यावा, यांतील बरेचसे प्रश्न निम्मे सुटतात. तो ध्यानात न घेतल्यामुळे किती गोंधळ झाला आहे, ते पुढे येईलच.

या ग्रंथात मध्यवर्ती स्थान मल्टिपल स्क्लेरोसिसला दिले आहे, कारण मज्जाविकारांतील स्वप्रत्यारोपणाचा सर्वांत मोठा अनुभव याच आजारातला आहे. मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंभोवती मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने वाहतात. या आजारात टी पेशी आणि बी पेशी रक्त आणि मेंदू यांच्यातील अडसर ओलांडून आत येतात, जागोजागी दाह निर्माण करतात, आवरण उखडते आणि मागे कठीण चट्टे राहतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या चट्ट्यांचा आणि लक्षणांचा मेळ घालून आजाराला स्वतंत्र ओळख दिली. बहुसंख्य रुग्णांत आरंभीची वर्षे उसळी आणि उतार अशा चढउतारांत जातात: एका डोळ्याला अंधारी येते, काही आठवड्यांनी ती ओसरते, मग काही महिन्यांनी हातापायांत बधिरपणा येतो. पुढे अनेकांत उसळ्या थांबतात, पण अपंगत्व संथपणे वाढत राहते. ही आजाराची प्रगामी अवस्था. अपंगत्व मोजण्यासाठी अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांची शून्य ते दहा अशी मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात सहा म्हणजे शंभर मीटर चालायला काठीचा आधार, सात म्हणजे बहुतांशी व्हीलचेअर. या ग्रंथातील अनेक आकडे याच मोजपट्टीवरचे आहेत आणि तिच्यावरचा एक अंक इकडेतिकडे होण्याचा अर्थ प्रत्येक पायरीवर सारखा नसतो, हे वाचकाने विसरू नये.

या उपचाराचा इतिहास रक्ताच्या कर्करोगापासून सुरू होतो. ई. डोनाल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसाला शिरेवाटे बोन मॅरो देण्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले आणि त्या दीर्घ कामासाठी १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले; दरम्यान १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलॉक यांनी किरणोत्साराने मगज नष्ट केलेल्या उंदरांच्या प्लीहेत नव्या पेशींच्या गाठी उगवलेल्या पाहिल्या आणि त्यातून रक्तमूलपेशींचे अस्तित्व सिद्ध होत गेले. पुढे ल्युकेमियासाठी प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांचे आधीपासून असलेले स्वयंप्रतिकार विकारही शांत झाल्याचे आढळले. प्राण्यांत मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार कृत्रिमरीत्या निर्माण करता येतो, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांवर दाखवले होते. याच नमुन्यावर नेदरलँड्समधील डिर्क व्हान बेक्कुम आणि जेरुसलेममधील कारुसिस व स्लाव्हिन यांच्या गटांनी प्रत्यारोपणाचे प्रयोग केले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा आणि काहीसा अनपेक्षित निष्कर्ष असा की निरोगी दात्याचा मगज देणे अपरिहार्य नव्हते, आजारी प्राण्याच्या स्वतःच्या मगजासारखा मगज दिला तरी आजार आटोक्यात येत होता. तसे नसते, तर प्रत्येक रुग्णासाठी जुळणारा दाता शोधावा लागला असता आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका पत्करावा लागला असता. कर्करोगात हा धोका पत्करला जातो, पण तत्काळ जीव न घेणाऱ्या आजारात तो पत्करणे अवघड होते.

ग्रीसमधील थेसालोनिकी येथे अथानासिओस फासास यांनी १९९५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर स्वप्रत्यारोपण सुरू केले आणि १९९७ मध्ये पंधरा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बाझेलच्या टिंडाल आणि ग्राटव्होल यांच्या पुढाकाराने युरोपीय तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूत्रेही ठरवली. पुढाकार घेणाऱ्यांत रक्तविकारतज्ज्ञ अधिक होते आणि मज्जाविकारतज्ज्ञ साशंक होते. ही साशंकता नुसता सनातनीपणा नव्हता: ज्या आजारात रुग्ण दशके जगतो त्यात शंभरांतले दोन-तीन रुग्ण उपचारानेच दगावणार असतील, तर तो सौदा कोणत्या न्यायाने योग्य ठरवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. सुरुवातीचे रुग्ण बहुतांशी प्रगामी अवस्थेतले, इतर सर्व उपचार थकलेले होते. म्हणजे ज्यांना धोका सर्वाधिक आणि लाभ सर्वांत कमी, नेमके त्यांच्यावरच हा उपचार प्रथम आजमावला गेला. पुढचा जवळजवळ सगळा इतिहास ही उलटी निवड सुलटी करण्याचा आहे.

प्रत्यक्ष उपचार सुरू होतो तो मूलपेशी मगजातून रक्तात आणण्यापासून. त्यासाठी सायक्लोफॉस्फमाइडची एक मात्रा आणि नंतर काही दिवस जी-सीएसएफ या वाढघटकाची इंजेक्शने दिली जातात. नुसता वाढघटक दिल्यास आजाराची उसळी येऊ शकते, म्हणून ही जोडी किंवा सोबत स्टेरॉइडचे संरक्षण आवश्यक मानले जाते. पेशी रक्तात उतरल्या की अफेरेसिस यंत्रातून काही तास रक्त फिरवून त्या वेगळ्या केल्या जातात. त्या ओळखण्याची खूण म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरचे सीडी-३४ हे प्रथिन, आणि रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे अशा किमान वीस लाख पेशी हाती लागल्याशिवाय पुढे पाऊल टाकले जात नाही. मग पेशी डीएमएसओ या संरक्षक द्रव्यासह द्रव नायट्रोजनच्या थंडीत जातात. काही आठवड्यांनी रुग्ण दाखल होतो आणि त्याला केमोथेरपी दिली जाते: कुठे चार औषधांची ‘बीम’ ही मांडणी, कुठे सायक्लोफॉस्फमाइडच्या मोठ्या मात्रा, आणि बहुधा दोन्हींसोबत सशापासून मिळवलेले, टी पेशींना टिपणारे प्रतिपिंडांचे द्रावण, म्हणजे एटीजी. ज्या दिवशी पेशी परत दिल्या जातात त्याला शून्यावा दिवस म्हणतात. नवख्या नातेवाइकांना हा दिवस निराश करतो, कारण शस्त्रक्रियेसारखे काहीच घडत नाही; पिशवी खाटेशेजारीच कोमट पाण्यात वितळवतात, ती रक्त चढवावे तशी सेंट्रल लाइनमधून थोड्या वेळात आत जाते, आणि खोलीत लसणासारखा उग्र वास पसरतो, तो डीएमएसओचा; रुग्णाच्या श्वासाला तो पुढे एक-दोन दिवस येत राहतो. खरा कसोटीचा काळ त्यानंतरचा. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, तोंडात फोड येतात, ताप आला की तासाभरात प्रतिजैविक सुरू करावे लागते, गाळलेल्या हवेच्या खोलीत उकळलेले पाणी आणि ताजे शिजवलेले अन्न चालते, पण कोशिंबीर आणि न सोललेली फळे वर्ज्य. साधारण दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास न्यूट्रोफिल पेशींची संख्या घनमिलिमीटरला पाचशेच्या वर जाते. वॉर्डाच्या भाषेत काउंट आले, की पेशींनी मगजात मूळ धरल्याचे मानतात.

प्रतिकारयंत्रणेची उभारणी मात्र त्यानंतर एक-दोन वर्षे चालते. सुरुवातीला नाशातून वाचलेल्या थोड्या जुन्या पेशी संख्येने वाढतात, आणि मग थायमस ग्रंथीतून नव्या, कोणत्याही लढाईचा अनुभव नसलेल्या टी पेशी बाहेर पडू लागतात. पाओलो मुरारो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की दोन वर्षांनंतर रुग्णाच्या टी पेशींचा संच मोठ्या प्रमाणात नवा झालेला असतो, म्हणजे नुसती पाटी पुसली गेलेली नसते, तिच्यावर वेगळा मजकूरही येऊ लागलेला असतो. जुनी चूक नव्या पेशी पुन्हा का करत नाहीत, किंवा काही रुग्णांत का करतात, हा या क्षेत्रातला सर्वांत रोचक प्रश्न आहे आणि त्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. चुकीबरोबर चांगली स्मृतीही जाते, त्यामुळे लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, आणि गोवरासारख्या जिवंत लसींसाठी सहसा दोन वर्षे थांबावे लागते.

परिणामांचा विचार करताना तीन-चार अभ्यास पायाभूत ठरतात. ओटावा येथील अ‍ॅटकिन्स आणि फ्रीडमन यांनी २०१६ मध्ये २४ रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांनी मगज पूर्ण नष्ट करणारी तीव्र मांडणी वापरली होती. एक रुग्ण दगावला, आणि उरलेल्यांत नंतर एकही उसळी आली नाही, एमआरआयवर नवा सक्रिय चट्टा दिसला नाही. रिचर्ड बर्ट यांच्या नेतृत्वाखाली शिकागो, शेफील्ड, उप्साला आणि साओ पावलो येथे झालेल्या चाचणीत ११० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली होती. २०१९ च्या अहवालानुसार औषधांच्या गटात ३४ रुग्णांचे अपंगत्व वाढले, प्रत्यारोपणाच्या गटात तिघांचे, आणि मृत्यू एकही झाला नाही. हा आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणूनच तो जपून वाचावा लागतो: औषधांच्या गटात अलेम्टुझुमॅब आणि ओक्रेलिझुमॅब ही सर्वांत प्रभावी औषधे वगळली होती. स्वीडनमधील १७४ रुग्णांचा २०२४ मधील वृत्तांत रोजच्या रुग्णसेवेतला आहे, प्रयोगातला नाही; त्यात पाच वर्षांनंतर ७३ टक्के आणि दहा वर्षांनंतर ६५ टक्के रुग्णांत आजाराच्या हालचालीची कोणतीही खूण नव्हती. उलट २०२३ मध्ये कालिंचिक आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या केंद्रांच्या नोंदी जुळवून पाहिल्या तेव्हा स्वप्रत्यारोपण फिंगोलिमॉडपेक्षा स्पष्टपणे, नॅटालिझुमॅबपेक्षा थोडेसे सरस ठरले, पण ओक्रेलिझुमॅबपेक्षा सरस असल्याचे, निदान कमी मुदतीत, दिसले नाही.

धोक्याचे गणितही बदलले आहे. १९९५ ते २००६ या काळातील २८१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पहिल्या शंभर दिवसांत आठ जण, म्हणजे २.८ टक्के, दगावले होते. अलीकडच्या युरोपीय नोंदींत हे प्रमाण एक टक्क्याच्या बरेच खाली आले आहे, आणि त्याचे श्रेय नव्या औषधांइतकेच रुग्णांच्या निवडीला आणि केंद्रांच्या अनुभवाला जाते. मृत्यू टळला म्हणजे किंमत चुकती झाली असे मात्र नाही. तरुण स्त्रियांत अकाली रजोनिवृत्ती आणि वंध्यत्व येऊ शकते, म्हणून बीजांडे किंवा शुक्राणू आधी गोठवून ठेवण्याची चर्चा पहिल्याच भेटीत व्हायला हवी. सुप्त विषाणू पुन्हा जागे होतात. थायरॉइडचा नवाच स्वयंप्रतिकार विकार काहींना जडतो. भारतात यांत सुप्त क्षयरोग आणि ब प्रकारची कावीळ यांच्या तपासणीची भर पडते.

उपचाराची सीमारेषा आखली आहे ती आजाराच्याच स्वभावाने. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शवविच्छेदन अभ्यासात, प्रत्यारोपण होऊन नंतर मृत्यू पावलेल्या पाच रुग्णांच्या मेंदूत दाहक पेशी कमी झालेल्या असूनही मायलिनचा ऱ्हास आणि तंतूंची झीज चालूच असल्याचे आढळले. प्रगामी अवस्थेत दाह मेंदूच्या आत, अडसरापलीकडे, ठाण मांडून बसलेला असतो आणि तुटलेले तंतू स्वतःहून झिजत राहतात. रक्तातील यंत्रणा कितीही बदलली तरी त्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून लाभाची शक्यता सर्वाधिक असते ती वयाने तरुण, आजाराला थोडी वर्षे झालेल्या, अजून चालत्या आणि एमआरआयवर सक्रिय दाह दिसणाऱ्या रुग्णाला. पण नेमका हाच रुग्ण वरून बरा दिसतो, आणि बऱ्या दिसणाऱ्या माणसाला अशा उपचाराला तयार करणे डॉक्टरला जड जाते, तर व्हीलचेअरवर असलेला रुग्ण तो हात जोडून मागतो. या विसंगतीवर तोडगा निघालेला नाही. अमेरिकी आणि युरोपीय व्यावसायिक संस्थांनी २०१९–२० मध्ये प्रभावी औषधे अपयशी ठरलेल्या, उसळीच्या अवस्थेतील सक्रिय आजारासाठी या उपचाराला प्रमाणित स्थान दिले, ही त्यातल्या त्यात समतोल भूमिका म्हणता येईल.

इतर आजारांतील अनुभव थोडा आहे, पण बोलका आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दृष्टिचेता आणि मज्जारज्जू यांवर हल्ला करतात. युरोपातील सुरुवातीच्या १६ रुग्णांपैकी बहुतेकांत आजार परतला, तर शिकागोतील १२ रुग्णांच्या २०१९ मधील वृत्तांतात बहुसंख्य रुग्ण पाच वर्षे औषधांशिवाय उसळीमुक्त राहिले आणि नऊ जणांच्या रक्तातून ती प्रतिपिंडेही नाहीशी झाली. एकाच आजारात दोन इतके वेगळे निष्कर्ष निघतात तेव्हा केमोथेरपीची मांडणी बी पेशींना कितपत गाठते, याकडे लक्ष जाते. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये ओटावा गटाचे सातही रुग्ण औषधांशिवाय लक्षणमुक्त झाले.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळा मानला जातो, तरी मुंबईच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी या समजुतीला एक महत्त्वाचा अपवाद दाखवला आहे: नोशीर वाडिया आणि भरुचा यांच्या १९८८–९० मधील पाहण्यांत मुंबईच्या पारशी समाजात आजाराचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक आढळले, आणि ते देशातील इतर अंदाजांच्या कितीतरी पट होते. प्रत्यारोपणाची परंपराही मुंबईचीच; टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये देशातील पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण केले. पण ही परंपरा कर्करोगाच्या वॉर्डात वाढली, तर मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण मज्जाविकारतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेला असतो, आणि या दोन विभागांचे एकमेकांशी बोलणे अजून नेहमीचे झालेले नाही.

ती पोकळी भरून काढली आहे ती जाहिरातींनी. पोटाच्या चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ पाठीच्या कण्यात टोचून मज्जातंतू नव्याने उगवतील, असे आश्वासन देणारी केंद्रे गावोगावी आहेत. त्यांत केमोथेरपी नसते, म्हणजे वर वर्णिलेल्या उपचाराचा परिणामकारक भागच नसतो. अशा मेसेन्कायमल पेशींची १४४ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मेंदूतील सक्रिय चट्टे कमी करण्यात त्या पेशी अपयशी ठरल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तमूलपेशींची रूढ प्रत्यारोपणे वगळता मूलपेशींचा कोणताही वापर मान्य चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. तरीही हा बाजार चालतो, कारण मूलपेशींनी बरे झालेल्या रुग्णांच्या खऱ्या बातम्या त्याला आयत्या मिळतात आणि त्या बातम्यांत केमोथेरपीचा उल्लेख ओझरता असतो.

क्षेत्र थांबलेले नाही. रुग्णाच्याच टी पेशींना बी पेशी टिपायला शिकवणारी सीएआर-टी ही पद्धत एर्लांगेनमध्ये ल्युपसवर यशस्वी ठरल्यानंतर मज्जाविकारांतही आजमावली जात आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या अशा भारतीय उपचाराला २०२३ मध्ये रक्ताच्या काही कर्करोगांसाठी मान्यताही मिळाली. स्वप्रत्यारोपणाची गाठ आता खऱ्या तुल्यबळ औषधांशी घालून देणाऱ्या चाचण्या, ब्रिटनमधील स्टार-एमएस आणि अमेरिकेतील बीट-एमएस, सुरू झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष भारतीय वाचकाला जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. आपल्याकडे बी पेशी कमी करण्यासाठी बहुतांशी वापरले जाते ते देशी कंपन्यांचे तुलनेने स्वस्त रिटुक्सिमॅब, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मल्टिपल स्क्लेरोसिससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घातले आहे. तेव्हा येथे विचारायचा प्रश्न असा राहतो की रिटुक्सिमॅब वेळेवर आणि नियमित मिळालेल्या रुग्णांपैकी नेमक्या किती आणि कोणत्या रुग्णांना प्रत्यारोपणाची गरज उरते. शेवटची दोन प्रकरणे त्यालाच वाहिलेली आहेत.